सह्यांची ट्रंक

दसरा झाला, पाऊस एकदाचा सातपुड्यावरून उतरला, की आमच्या घरी दरवर्षी एक ठरलेला विधी होतो. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक बाहेर निघते, ओसरीवर धुवट लुगडे अंथरले जाते, आणि चार महिने कोंडून पडलेले माझे कागद त्यावर एकेक करून मांडले जातात. उन्हात नव्हे; ऊन हे शाईचे वैरी. सावलीत, वाऱ्यावर, आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर नदीतला एकेक गोटा ठेवून. ज्यांनी मोलगीचा पावसाळा पाहिला आहे त्यांना या खटाटोपाचे कारण सांगावे लागणार नाही. अक्कलकुव्याकडून देवगोईचा घाट चढून वर आले की ढग रस्त्यातच भेटतात, आणि आषाढ लागला की ते घरात येऊन बसतात. भिंतींना घाम फुटतो, पुस्तकांना बुरशी धरते, आगपेटीची काडी ओढून ओढून हात दुखतो. अशा गावी राहून कागदांचा संग्रह करणे म्हणजे मिठाच्या पोत्यावर पाणपोई घालण्यासारखे आहे. पण छंदाला शहाणपण कोठून येणार?

या ट्रंकेत मोलाचे असे काही नाही. निदान चोराने न्यावे असे काही नाही. आहेत त्या सह्या. दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी बाँबफेकी विमाने चालविली, किंवा त्या विमानांबरोबर ज्यांचे आयुष्य बांधले गेले, अशा माणसांच्या. काही पाकिटांवर, काही छायाचित्रांवर, एक चलनी नोटेवर. मोलगीच्या एका मास्तराला हा छंद जडावा कसा, हे पुढे सांगतो. आधी गेल्या वर्षी काय घडले ते सांगितले पाहिजे, कारण हा लेख त्यातूनच निघाला आहे.

असेच कागद मांडून बसलो होतो. पलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी नवी भगर घेऊन आली. तुम्ही एकादशीला जी खाता, तीच ही भगर. ती आमच्या डोंगरउतारावर पिकते. पाटी खाली ठेवून म्हातारी ओसरीच्या कडेला टेकली आणि त्या कागदांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, एवढ्या लोकांचे अंगठे तुझ्याकडे! ह्यांनी तुझ्याकडून काय नेलं होतं?"

डोंगरातली माणसे सर्वांना 'तू'च म्हणतात. त्यात अनादर नसतो, उलट आपलेपणा असतो. मला हसू आले. मी म्हटले, "काही नेलं नाही गं आजी. नावाजलेली माणसं होती. म्हणून त्यांच्या सह्या जमवल्या."

"पण मग अंगठा उठवला कशावर?"

हसू तिथेच थांबले. तिच्या आयुष्यात अंगठा कधी गंमत म्हणून उठला नव्हता. तो सावकाराच्या कागदावर उठला, जमिनीच्या दाव्यावर उठला, आणि आता रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर महिन्याच्या महिन्याला उठतो. कागदावरची खूण म्हणजे एक तर देणे, नाही तर घेणे. नुसती खूण, जिच्या वर काही लिहिलेलेच नाही, अशी तिला ठाऊक नव्हती. चाळीस वर्षे सह्या जमवून मी स्वतःला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. सही कोणाची, हे मी विचारले. खरी की खोटी, हे विचारले. किती दुर्मीळ, हेही विचारले. कशावर केली, हे मात्र विचारायचे राहूनच गेले.

वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी ती ट्रंक पुन्हा एकवार वरपासून खालपर्यंत वाचली. त्यातले थोडे तुम्हांला वाचून दाखवितो.

१९७९ साली मी मास्तर म्हणून मोलगीला आलो तेव्हा हे गाव धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. संध्याकाळी करण्यासारखे काही नसे. टपाल एस. टी.ने येई, आणि घाटात दरड कोसळली की तेही येत नसे. लहानपणापासून तिकिटे जमविण्याचा नाद होता. तो येथे वाढला, कारण टपालाची वाट पाहणे हाच येथला मोठा करमणुकीचा कार्यक्रम होता. पुण्याच्या एका तिकीटसंग्राहक मित्राशी देवघेव चाले. एकदा त्याने काही जुन्या कार्डांच्या बदल्यात एक पाकीट पाठविले. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने काढलेले ते खास पाकीट होते. अशी पाकिटे विमानातून नेत, त्यांवर खास शिक्का मारीत आणि जुन्या वैमानिकांच्या सह्या घेऊन ती संग्राहकांना विकत. माझ्या पाकिटावर एक सही होती. ती कोणाची, ते सांगण्याची वेळ पुढे येईल. त्या सहीने मला तिकिटांपासून तोडले एवढे मात्र खरे. तिकीट छापखान्यातून निघते. सही एका जिवंत हातातून निघते. त्या हाताने आणखी काय काय केले असेल, या विचाराने मी पछाडलो.

दुसरी चीज मुंबईच्या चोरबाजारात मिळाली. सहाव्या जॉर्ज बादशहाच्या मुखवट्याची दोन रुपयांची नोट. ही दोनाची नोट प्रथम निघाली १९४३ साली, ऐन युद्धात. माझ्या नोटेवर दोन्ही अंगांनी, आडव्यातिडव्या, शाईच्या आणि पेन्सिलीच्या अकरा सह्या आहेत. दुकानदार म्हणाला, "खराब आहे साहेब, लिहिलेली आहे, स्वस्तात घेऊन जा." त्या खराबीसाठीच मी ती घेतली.

या प्रकाराला अमेरिकन वैमानिक 'शॉर्ट स्नॉर्टर' म्हणत. स्नॉर्ट म्हणजे दारूचा घोट. शॉर्ट स्नॉर्ट म्हणजे अर्धामुर्धा घोट, विमान चालवायचे असल्यामुळे बेताने घेतलेला. १९२०च्या दशकात तिकडच्या भटक्या वैमानिकांत ही चाल पडली आणि युद्धात ती साऱ्या आघाड्यांवर पसरली. विमानातून एकत्र प्रवास घडला की सोबत्यांनी एकमेकांच्या नोटेवर सही करायची. ती नोट कायम खिशात बाळगायची. पुढे कोठेही गाठ पडली आणि 'दाखव तुझी नोट' म्हणताच ती निघाली नाही, तर साऱ्यांना पाजण्याचा दंड. देश बदलला की त्या देशाची नोट जुन्या नोटेला चिकटवीत जायचे. काहींच्या नोटांची अशी हातभर लांब माळ होई. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे विश्वासू हॅरी हॉपकिन्स यांच्या नोटेवर खुद्द रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्याही सह्या आहेत.

माझ्या नोटेवर असा कोणी बडा माणूस नाही. असे मी बरीच वर्षे समजत होतो. एका दिवाळीच्या सुटीत भिंगाखाली ती पाहत असता ध्यानात आले की अकरा सह्यांच्या आधीपासून तिच्यावर एक बारावी सही आहे, आणि ती छापील आहे: सी. डी. देशमुख! महाडजवळच्या नाते गावचे आपले चिंतामणराव. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यानंतरच्या नोटांवर त्यांची सही येऊ लागली. ओहायो किंवा टेक्ससकडच्या त्या पोरांनी बंगालच्या एखाद्या धावपट्टीशेजारी बसून आपली नावे गिरविली ती एका कोकणस्थ गावच्या सुपुत्राच्या सहीभोवती. मला मोठी मौज वाटली.

आता म्हातारीच्या प्रश्नाच्या उजेडात पाहतो तेव्हा त्या बारा सह्यांतला फरक दिसतो. चिंतामणरावांच्या सहीच्या वर एक वचन छापलेले आहे: ही नोट आणून देणाऱ्याला इतके रुपये दिले जातील. त्या अकरांच्या सहीवर कसलेही वचन नाही. मग त्या कशावर केल्या? मला वाटते, 'आज आपण आहोत' एवढ्या एकाच गोष्टीवर. बाँबफेक्यांच्या बाबतीत ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नव्हती. ब्रिटनच्या बाँबर कमांडमध्ये सुमारे १ लाख २५ हजार विमानी सैनिकांनी काम केले. त्यांतले ५५,५७३ मारले गेले. शंभरातले चव्वेचाळीस. उरलेल्यांतही जखमी आणि कैदी पुष्कळ. आपल्याकडची आघाडी वेगळी असली तरी ढग, डोंगर आणि मलेरिया यांनी येथेही कसर भरून काढली. अशा वेळी मित्राच्या खिशात आपले नाव असणे, हा एक प्रकारचा गंडाच होता. नोटेवरच्या अकरांपैकी किती घरी पोहोचले, हे ती नोट सांगत नाही.

येथे नवशिक्या संग्राहकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. सही पुसट होते म्हणून ती प्लॅस्टिकमध्ये गरम करून चिकटवू नका, कागद मरतो. आणि बॉलपेनची सही दिसली की सावध व्हा. बॉलपेनचा इतिहासही गमतीचा आहे. शाईचे पेन उंचावर गळते, बॉलपेन गळत नाही, म्हणून युद्धकाळात ब्रिटिश सरकारने आपल्या वैमानिकांसाठी ते बनवून घेतले. परंतु अमेरिकेच्या बाजारात ते आले युद्ध संपल्यावर. ऑक्टोबर १९४५ मध्ये. तेव्हा १९४३ सालच्या कलकत्त्यातली सही म्हणून कोणी बॉलपेनची रेघ तुमच्यापुढे ठेवू लागला, तर नमस्कार करून उठावे. असो.

तिसऱ्या सहीची गोष्ट जरा नाजूक आहे. आमच्या जिल्ह्याचे गाव नंदुरबार. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या या गावात, तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. ज्या सरकारने त्या गोळ्या झाडल्या, त्याच सरकारच्या हवाई दलातल्या माणसांच्या सह्या मी नंदुरबारकराने जपून ठेवायच्या! हा प्रश्न मला स्नेह्यांनी अनेकदा विचारला आहे. पण मला तो प्रथम विचारला तो एका वैमानिकानेच.

१९८०च्या सुमारास पुण्यात ते गृहस्थ भेटले. नाव सांगत नाही. त्यांना ते आवडले नसते. ते व्हेन्जन्स विमानांवर होते. व्हल्टी व्हेन्जन्स हे अमेरिकेत बनलेले सूरमारू बाँबफेकी विमान. वर उंच जाऊन जवळजवळ सरळ उभे खाली कोसळायचे, नेमक्या क्षणी बाँब सोडायचा आणि पुन्हा वर उसळायचे, अशी त्याची रीत. भारतीय हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वॉड्रन डिसेंबर १९४२ मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांना ही विमाने मिळाली. आठवी १९४३च्या अखेरीस आराकानच्या आघाडीवर उतरली. सातवी १९४४ साली जपानी इंफाळ-कोहिमावर चालून आले त्या वेळी तिकडच्या लढाईत होती. पुढे हवाई दलप्रमुख झालेले प्रतापचंद्र लाल तिच्यातच होते. विमानात माणसे दोनच: पुढे वैमानिक, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, तोंड शेपटीकडे करून बसलेला तोफची.

मी छायाचित्र पुढे केले आणि सही मागितली. त्यांनी विचारले, "कोठून आलात?" मी म्हटले, "नंदुरबारकडून." त्यांनी पेन खाली ठेवले.

"मग तुम्ही मला आधी विचारायला हवे," ते म्हणाले, "की बेचाळीस साली तुमच्या गावची पोरे मरत होती तेव्हा मी कोणाचा गणवेश घालून बसलो होतो."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तेच बोलू लागले. "घरात भांडण होते, आणि ते खरे भांडण होते. पण दाराशी तिसराच येऊन उभा राहिला होता. मी दाराशी गेलो. घरात राहिले त्यांनीही बरोबरच केले. तेव्हा एवढे स्वच्छ सुचले नव्हते हो. वय वीस वर्षांचे होते आणि विमान चालवायला मिळत होते. आज सुचते ते त्या दिवशीचे म्हणून सांगू नये."

मग त्यांनी सही केली. परंतु आधी, आपल्या नावाच्या वर, त्यांनी दुसरेच एक नाव लिहिले. ते त्यांच्या तोफचीचे. "आम्ही खाली कोसळायचो तेव्हा मला फक्त जमीन दिसे, धावून अंगावर येणारी," ते म्हणाले. "त्याला फक्त आकाश दिसे. जमीन किती जवळ आली हे त्याला कधी कळत नसे. माझ्यावर विश्वास टाकून तो बसलेला असे. त्याची सही घ्यायला तुम्ही उशीर केलात. तेव्हा माझ्या सहीवर हे नाव हवेच."

बाजारात त्या छायाचित्राला किंमत नाही. सही ओळखीची नाही, आणि तिच्यावर एक नाव दुसऱ्याच्या हातचे. माझ्या ट्रंकेत मात्र कशावर सही केली हे स्वतः लिहून दिलेला तेवढा एकच कागद आहे.

आता ज्या प्रकरणाकडे येतो ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्यासारखे नाही, हे मला कळते. पण ते टाळले तर बाकीचे सारे खोटे होईल.

१९४४ साली अमेरिकेची सर्वांत मोठी बाँबफेकी विमाने, बी-२९, बंगालमध्ये खरगपूरच्या आसपास आली. दुष्काळाने बंगाल अजून सावरला नव्हता. या विमानदलाचे मुख्य ठाणे होते हिजलीच्या इमारतीत. हा हिजलीचा तुरुंग म्हणजे, जेथे १९३१ साली पोलिसांनी दोन राजबंद्यांना गोळ्या घालून मारले तोच. आज त्या आवारात खरगपूरची आय. आय. टी. आहे. तेथून ही विमाने हिमालय ओलांडून चीनमध्ये जात आणि तेथे पेट्रोल भरून जपानवर जात. हा द्राविडी प्राणायाम परवडेना म्हणून १९४५च्या वसंतात ती पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर हलली. माझ्या नोटेवरच्या पोरांपैकी कोणी तिकडे गेला असेल, तर त्याच्या खिशात चिंतामणरावांची सहीसुद्धा टिनियनला गेली असेल.

त्याच बेटावरून ६ ऑगस्टला हिरोशिमाचे आणि ९ ऑगस्टला नागासाकीचे विमान उडाले. नागासाकीवर टाकलेल्या बाँबची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. मोठ्या पिवळ्या भोपळ्यासारखा तो बाँब गाड्यावर ठेवलेला आहे, आणि त्याच्या अंगावर ज्यांनी तो जुळविला, हलविला, त्यांनी सह्या केल्या आहेत. नोटेवर करीत तशाच. अधिकारी आहेत, साधे सैनिकही आहेत. काहींनी सम्राटाला उद्देशून टवाळीही लिहिली आहे. मी ते छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा एक संग्राहक म्हणूनच पाहिले, हे कबूल करतो. एकाच वस्तूवर इतक्या सह्या! आणि मग उमगले की त्या वस्तूचे काय झाले. ११ वाजून २ मिनिटांनी त्या सह्यांची वाफ झाली, आणि तिच्याबरोबर एका शहराची. वर्ष संपेपर्यंत नागासाकीत सुमारे सत्तर हजार माणसे मेली. हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार. कशावर सही केली, या प्रश्नाला इतके रोखठोक उत्तर दुसरे सापडणार नाही.

युद्धानंतर या मोहिमांच्या कागदांना बाजार आला. हिरोशिमाच्या विमानातला सहवैमानिक रॉबर्ट लुईस याने उडताना एक टिपण लिहिले होते. एका वार्ताहराला विमानात जागा मिळाली नाही, म्हणून त्याच्या विनंतीवरून. परमेश्वरा, आपण हे काय केले, अशा अर्थाचे उद्गार त्यात आहेत. १९७१ साली ते टिपण लिलावात ३७ हजार डॉलरला गेले, आणि २००२ साली साडेतीन लाख डॉलरांहून अधिक किमतीला. मुख्य वैमानिक पॉल टिबेट्स याने आयुष्यभर छायाचित्रांवर आणि पुस्तकांवर असंख्य सह्या दिल्या. आपल्याला पश्चात्ताप नाही, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. २००७ साली तो वारला. माझे थडगे बांधू नका, त्यावर दगड नको, निषेध करणारे तेथे गोळा होतील, असे त्याने सांगून ठेवले होते. त्याची रक्षा इंग्लिश खाडीवर सोडण्यात आली. ज्याची सही जगभरच्या कपाटांत आहे, त्याचे नाव कोठल्याही दगडावर नको झाले.

माझ्याकडे टिबेट्सची सही नाही. एकदा मिळत होती. पैसेही जमविले होते. घेतली नाही. का, ते तेव्हा नीट सांगता आले नसते.

आणि आता ते पहिले पाकीट. त्यावरची सही लेनर्ड चेशायर यांची.

चेशायर हे ब्रिटनच्या बाँबर कमांडचे अग्रणी वैमानिक. जन्म १९१७. पंचविसाव्या वर्षी ग्रुप कॅप्टन. १९४३च्या नोव्हेंबरात, जर्मनीची धरणे फोडून प्रसिद्धीस आलेल्या ६१७व्या स्क्वॉड्रनचे ते प्रमुख झाले. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या लिमोझ येथील विमानइंजिनांच्या कारखान्यावर हल्ला करायचा होता. आत रात्रपाळीचे फ्रेंच कामगार होते, पुष्कळशा बाया. चेशायर यांनी आपले भलेमोठे विमान छपरांवरून, अगदी खालून, तीन वेळा नेले. बायका पळाल्या, आणि मग निशाणाचे दिवे टाकले. त्या वर्षी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो एखाद्या दिवसाच्या पराक्रमासाठी नव्हे, तर चार वर्षांतल्या शंभर मोहिमांसाठी.

ब्रिटनचा निरीक्षक म्हणून ९ ऑगस्टला ते नागासाकीच्या मोहिमेवर गेले. त्यांचे विमान ठरल्या जागी चुकले. दूरवरून त्यांनी तो ढग पाहिला. युद्ध संपले. सैनिकांची एक वसाहत काढण्याचा त्यांचा प्रयोग फसला, कर्ज झाले. १९४८ साली आर्थर डाइक्स नावाचा कर्करोगाने मरणासन्न झालेला जुना हवाई सैनिक त्यांच्याकडे आला; त्याला कोठेच आसरा नव्हता. चेशायर यांनी त्याला आपल्या रिकाम्या घरात आणले आणि स्वतःच्या हाताने त्याची शुश्रूषा केली. तो गेला, दुसरा आला, तिसरा आला. असाध्य रुग्णांची आणि अपंगांची 'चेशायर होम्स' अशी सुरू झाली. मध्ये त्यांना स्वतःला क्षय झाला; त्यातून उठल्यावर १९५५ साली ते भारतात आले. आणि १९५६ साली इंग्लंडबाहेरचे पहिले चेशायर होम निघाले ते आपल्या मुंबईत, अंधेरीला. १९५९च्या एप्रिलमध्ये त्यांनी पोलंडच्या युद्धपीडितांसाठी झटणाऱ्या स्यू रायडर यांच्याशी लग्न केले, तेही मुंबईच्याच कॅथलिक कॅथीड्रलमध्ये. १९९२ साली ते वारले तेव्हा सुमारे पन्नास देशांत त्यांची होम्स होती.

येथे लेखकाला एक मोह होतो. नागासाकी पाहिलेल्या वीराचे हृदय पालटले आणि तो प्रायश्चित्तासाठी अंधेरीला आला, असे लिहिले की कथा कशी सुबक होते. पण ते खरे नाही. बाँबमुळे युद्ध थांबले आणि त्यामुळे अधिक प्राण वाचले, हे मत चेशायर यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. अण्वस्त्रे बाळगण्याचेही त्यांनी समर्थनच केले. आपण केले ते चुकले, असे ते म्हणाले नाहीत. ज्याने जे म्हटले नाही ते त्याच्या सहीच्या वर आपण लिहिणे, याला आमच्या डोंगरात एक शब्द आहे. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन मागाहून मजकूर भरणे, हा सावकारांचाच उद्योग होता.

मग माझ्या पाकिटावरची ती सही कशावर आहे? जर्मन शहरांवरच्या रात्रींवर आहे. लिमोझच्या छपरांवरच्या तीन फेऱ्यांवर आहे. नागासाकीच्या ढगावर आहे, आणि अंधेरीच्या खाटांवरही आहे. एकाच हाताची. यांतला एक कागद ठेवून दुसरा फाडता येत नाही. संग्राहकाला आवडो न आवडो, सही घेतली की सारे कागद घ्यावे लागतात.

यंदा म्हातारी पुन्हा भगर घेऊन आली. मी तिला ते पाकीट दाखविले आणि होता होईल तेवढे सोपे करून ही सारी हकीकत सांगितली. विमाने तिने डोक्यावरून जाताना पाहिली आहेत, दवाखानाही पाहिला आहे. तिला समजायला अडचण पडली नाही. ऐकून घेतले आणि म्हणाली, "मुद्दल आता कोण मागणार? ज्यांचं होतं ते राहिलेच नाहीत. पण बिचारा व्याज भरत राहिला म्हण."

मी म्हटले, "आजी, त्याने ते कर्ज मानलंच नव्हतं कधी."

"त्यानं मानलं काय, न मानलं काय," ती पाटी उचलत म्हणाली, "वहीत असतंच की."

ती गेल्यावर मी एक गोष्ट केली. पाकीट उलटे केले आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. 'नागासाकी, ९ ऑगस्ट १९४५. अंधेरी, १९५६.' सहीच्या वस्तूवर आपल्या हातचे काही लिहू नये, असा आमच्या छंदातला दंडक आहे. किंमत उतरते म्हणतात. उतरली तर उतरू दे. माझ्यामागे ही ट्रंक ज्याच्या हाती जाईल, त्याला म्हातारीचा प्रश्न विचारायला चाळीस वर्षे लागू नयेत.